ऑफिसरची पाटी

आमचं मूळ वडवणीकडलं, पर मी वाढले परळीत, कारण आबा, म्हंजी माझे वडील, तिथं थर्मलला, वीज केंद्रात, ठेकेदाराच्या हाताखाली राख उपसायला लागलते. काय सांगू तुमाला, घरी यायचे तर भुवया पांढऱ्या, कानात राख, आन आई म्हणायची आदी आंघोळ करा मंग लेकीला हात लावा, तवर मी झोपून गेलेली. कायम ओव्हरटाइम करायचे, ज्या पाळीला कुणी न्हाई म्हणलं ती आबांची. माझी फी ओव्हरटाइमची, सायकल ओव्हरटाइमची, बी.कॉम. झाले ती बी ओव्हरटाइमवरच, असं ते विहारात सांगायचे, बसस्टँडवर सांगायचे, कुणी इचारो न इचारो.

मंग मला केजला एका फायनान्स कंपनीत क्लार्कची नोकरी लागली, मोटारसायकलच्या कर्जाचे, बचत गटाच्या कर्जाचे कागद बघायचे. आई गेलती, म्हणून आबांना घेऊनच आले. तवाच त्यांची नजर कमी व्हायला लागलती, काचबिंदू हाय म्हणले डॉक्टर, गेलेली नजर परत यायची न्हाई, मधोमध थोडं दिसतंय तेवढं किती दिवस टिकंल सांगता येत न्हाई. पर आमचं बरं चाललंतं. पाचला सुटायचं, जादा थांबलं तर जादा पैसे, आयतवारी बोलावलं तर बदली सुट्टी. मी उजेडात घरी यायचे, आबा मला ओट्यावर उभी करायचे, हनुवटी धरून तोंड उन्हाकडं फिरवायचे आन बघायचे. शेजारच्या बाया हसायच्या. हसू द्या की, माझा बाप मला बघतोय, तुमच्या पोटात कावून दुखतंय?

मंग मला ऑफिसर केलं. आबांनी पेढे वाटले, आन मला न सांगता दारावरची पाटी करून आणली, उठावाची अक्षरं, वर माझं नाव, संघमित्रा, खाली ऑफिसर, बोटानं चाचपता यावी म्हणून तशी. म्हणले, माय, आता तर ओव्हरटाइम बी मोठा बसंल. मला बी तसंच वाटलतं. महिना भरला तवा साहेबांना ओव्हरटाइमचं इचारलं तर म्हणले, अहो मॅडम, इतक्या पगाराच्या वर गेलं की ते नियम लागू होत न्हाईत, तुम्ही आता मॅनेजमेंटमधे. मंग सुट्टी? तर म्हणले ऑफिसरला कसली बदली सुट्टी, काम संपलं की घर. आता काम कदी संपतंय का, तुमीच सांगा. बढतीच्या कागदावर सही मीच केलती, न वाचता न्हाई, वाचूनच, पर पगाराच्या आकड्यावरून नजर खाली सरकलीच न्हाई.

तवापासून घरी यायला अंधार. सकाळी डबा भरायच्या घाईत कोण कुणाचं तोंड बघतंय. आयतवारी आबा पांढरे कपडे घालून, मेणबत्ती हातात घेऊन विहारात जायला बसलेले असायचे आन माझा फोन वाजायचा, वसुलीची मीटिंग. म्हणायचे, जा माय, ऑफिसर हायेस, तुझ्यावाचून आडत आसंल. विहारात शेजाऱ्याचा हात धरून जायचे आन तिथं सांगायचे, लेकीला सवड न्हाई, मोठ्या पदावर हाय. लई वाईट वाटायचं मला. आबांची उरलेली नजर दिवसाउजेडाचीच होती, आन दिवस सगळा कंपनीचा.

शेवटी साहेबांकडं गेले, म्हणलं मला परत क्लार्क करा. चष्मा काढून बघायला लागले, म्हणले लोक वर चढवा म्हणून येतेत, पगार कमी होईल बरं का. म्हणलं होऊ द्या. माणूस वाईट न्हाई, वर इचारून करून दिलं. पर आबांना सांगायचं कसं, ती पाटी होती ना दारावर.

एका सुट्टीच्या दुपारी सांगितलं. आबा म्हणले, कावून गं? सगळं सांगितलं, थांबवून घेतेत, पैसे न्हाईत, सुट्टी न्हाई. मंग म्हणले, मी तुला लहानपणी झोपलेलीच बघितली माय. अंधारात यायचो, अंधारात जायचो. पर मला त्याचे पैसे तरी मिळायचे, त्यातून तू शिकलीस. तुझ्या अंधारातून काय मिळालं? असं म्हणले आन मला रडूच आलं, आबांनी माझं डोकं मांडीवर घेतलं.

खालची अक्षरं आमी दोघांनी मिळून काढली, मी चाकूनं, आबांनी नखानं. गोंदाचे वण राहिलेत.

आता एका डोळ्यानं काहीच दिसत न्हाई, दुसऱ्यानं थोडं. मी पाचला सुटते. आबा ओट्यावर असतेतच, गाडीचा आवाज वळखतेत, उठून पाटीवरच्या नावावरून बोट फिरवतेत, मंग माझी हनुवटी धरून उन्हाकडं करतेत. कदी म्हणतेत आज दमलीस, कदी म्हणतेत कुणाशी भांडून आलीस, आन खरंच भांडलेली असते. मंग हात सोडतेत आन म्हणतेत, चल आत, आज बी दिसलीस.