हात मांडीवर

नाही नाही, बस आधी. असा दारात उभा राहून राजीनामा देतात का कुणी? दे इकडे तो कागद — अरे दे, खात नाही मी. आणि ते टाचा जुळवणं पुरे कर आता, आज मी तुझा साहेब वगैरे नाहीये, आज मी — काय बरं म्हणतात त्याला — समुपदेशक आहे. हसू नकोस. आदेशात तसंच लिहिलंय. पायलट नोकरी सोडायला निघाला की स्क्वाड्रनच्या प्रमुखाने त्याला समोर बसवायचं, दार लावायचं, चहा मागवायचा आणि मायेने विचारायचं, बाबा रे, तुझं काय दुखतंय? चहा आलाय. दार लाव. हं, आता सांग. काय दुखतंय?

नको, राहू दे, मला पाठ आहे सगळं. आकाशात कमी आणि टेबलावर जास्त — हे एक. दर दोन-तीन वर्षांनी विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर — हे दुसरं. तुझ्या बायकोचा दवाखाना जरा चालायला लागतो, पेशंट तिला नावाने ओळखायला लागतात, की तुझी बदली येते आणि ती पुन्हा नव्या गावात पाटी रंगवून घेते. आणि बढती? वर पाच खुर्च्या, खाली पन्नास जण मान वर करून उभे. बरोबर? यातलं एक अक्षर खोटं नाही. मध्ये ती मनोबलाची समिती आली होती, आठवते ना? दोन दिवस राहिली, सगळ्यांना प्रश्न विचारले, आणि काय दिलं? सोफा. निळा. पोरं म्हणाली आम्हाला उड्डाणं द्या, त्यांनी सोफा दिला. आता पोरं त्या सोफ्यावर बसून एअरलाइनचे अर्ज भरतात. साखर दोन चमचे ना तुला? थांब, मी ढवळतो, तू ढवळलंस की सगळी बशीत सांडतोस.

काय? साखर घेत नाहीस? कधीपासून? — कधीच नाही? अरे, मग इतकी वर्षं मी तुला घालतोय ती — आणि तू मुकाट पीत होतास? कमाल आहे. तोंड आहे ना तुला, चिमणे? पी आता, आज शेवटची समज. बरं, तुला चिमणी नाव कुणी दिलं माहितेय? मी. पहिल्या उड्डाणाला रेडिओवर तुझा आवाज असा चिवचिव आला, मी म्हटलं, कोण रे ही चिमणी! आज ती चिमणी भुर्र.

त्या कपाटावर बघ जरा. ते चहाचे मग. बाहेर खिळ्यांवर आपले सगळ्यांचे टांगलेले असतात ना, तर त्याची प्रथा तुला माहीत आहे, माझ्याही आधीपासूनची आहे — बढतीवर गेला तर आपला मग कागदात गुंडाळून मानाने बरोबर नेतो. एअरलाइनला गेला तर त्याचा मग इथेच राहतो आणि त्याचं काय करायचं ते मागे राहिलेले ठरवतात. तो पेनांचा, तो निवडुंगाचा, त्यात बुटांचे ब्रश. आणि गोट्याचा कुठाय, सांग? इथे नाहीये. संडासात आहे. घासणीचा ब्रश ठेवलाय त्यात. तो मी ठेवला, स्वतःच्या हाताने. गोट्या म्हणजे माझ्या बरोबरीचा, एकाच दिवशी आमच्या छातीवर पंख लागले — आणि खरं सांगतो, त्याला विमान उतरवता यायचं नाही रे! आपटायचा. धावपट्टीने दयेखातर त्याला घेतलं असं आम्ही म्हणायचो. आज तो कॅप्टन आहे. खांद्यावर चार पट्ट्या, मागे तीनशे माणसं, आणि मला फोटो पाठवतो — काय पाठवावेत? न्याहारीचे. हॉटेलातल्या अंड्यांचे. अंडी काय आम्ही पाहिली नाहीत? हिचं विचारशील तर ही ते फोटो बोटांनी मोठे करून बघते. अंडी नाही बघत. मागच्या खिडकीतलं शहर बघते. बघते आणि फोन मला परत देते.

असो. माझं सोड. तू जाणार याची कुणकुण मुख्यालयाला आधीच लागली होती, त्यांनी तुझ्यासाठी गाजर पाठवलंय. ऐकून घे, मग नाही म्हण. चाचणी-वैमानिकाचा कोर्स. हो, तोच. नवीन विमान कारखान्यातून बाहेर पडलं की पहिल्यांदा त्यात बसणारा माणूस तू. राहिलास तर पुढच्याच तुकडीत तुझं नाव. कागद नाही, बदली नाही, नुसतं उडायचं. मी हा कोर्स तीनदा मागितला होता. तिन्ही वेळा काय उत्तर आलं? ‘आपल्या अनुभवाची गरज सध्याच्या ठिकाणी अधिक आहे.’ सध्याचं ठिकाण म्हणजे ही खुर्ची. आणि तुला — न मागता! ताटात वाढून! — मान कसली हलवतोस? नको? नको म्हणतोस? जिथे चणे तिथे दात नाहीत आणि जिथे दात तिथे — घरी ठरलंय, असं? तिने विचारलं आणि तू हो म्हणालास. एवढंच? बसून ठरवलंत, दोघांनी. हं. असंही ठरवतात म्हणा लोक.

मग परीक्षा झाली वाटतं तिकडची, एअरलाइनची. ती काचेची इमारत, तिसरा मजला. त्या बाहेरच्या खोलीत तासभर बसवतात, माशांच्या टाकीसमोर, तो एक केशरी मासा सारखा उलटा होऊन तरंगतो आणि आपल्याला वाटतं मेला, मग पुन्हा सुलटा होतो — अजून आहे का तो? — अरे, गोट्याने सांगितलं होतं. गोट्या सांगतो सगळं. आणि माझ्या ओळखीचा एक जण गेला होता ना मागे. तू नाही ओळखत. जुना माणूस, एका सीटच्या विमानात सगळी हयात गेलेली, हात म्हणशील तर सोनं. त्याची गंमतच झाली. खोटं विमान, त्या सिम्युलेटरमध्ये बसवलं, शेजारी त्यांचा एक पोरसवदा को-पायलट, मागे परीक्षक बाई. पांढरे केस, हातात पेन्सिल, चेहरा असा की तिने आयुष्यात कुणाला शाबास म्हटलं नसावं. एक इंजिन बंद पाडलं, ढग खाली आणले, आडवा वारा सोडला — आणि याने काय उतरवलं विमान! लोण्यासारखं. पेल्यातलं पाणी हललं नसतं. आणि बाईंनी नापास केला.

का, विचार ना. मी सांगतो. तिकडे दोघं असतात. उडवणाऱ्याने म्हणायचं, ‘चाकं खाली’ — आणि थांबायचं. दांडा ओढायचा शेजारच्याने. उडवणाऱ्याने हात लावायचा नाही. साधी गोष्ट. पण ज्याच्या शेजारी जन्मात कुणी बसलंच नाही, तो कुणाला सांगणार? त्याने कशाला तोंड उघडायचं? चाकं तोच काढणार, रेडिओ तोच लावणार, यादी तोच मनातल्या मनात वाचणार. त्या पोराचा हात दांड्याकडे निघाला होता रे, नीट निघाला होता, आणि मी त्याच्या मनगटावरून हात घालून —

हं.

चहा घे ना. — बरं, कळलंच आहे तर बघत काय राहिलास तोंडाकडे? हो, मी. गेल्या वर्षी. इथे सांगितलं तपासणीला चाललोय, घरीही तेच सांगितलं. बाई म्हणाल्या, ‘तुमचे हात उत्तम आहेत. पण तुमच्या शेजारी माणूस बसलाय, हे तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.’ लाज वाटली नाही मला, राग आला. गाडीत बसेपर्यंत राग, घरी येईपर्यंत राग, मग हिला सगळं सांगून टाकलं, म्हटलं बघ, काय बाई आहे! ही कणीक मळत होती. आधी हसली. म्हणाली, ‘त्यात नवीन काय सांगितलं तिने?’ आणि मग हसायची थांबली. परातीतून मान वर केली नाही. म्हणे मी तिच्या हातातली सुरी काढून घेतो, भाजी जाड चिरते म्हणून. मुलीची गणितं मीच पुरी करतो. बदली आली की सामान मी बांधतो, कुठली वस्तू टाकायची ते मी ठरवतो, तिचं शिवणयंत्र मागच्या की त्याच्या मागच्या गावात मीच देऊन टाकलं — जागा नव्हती ट्रकमध्ये! विचारायचं काय त्यात?

तू काय केलंस तिथे? खरं सांग. ‘चाकं खाली’ म्हणालास. आणि थांबलास? शेजारच्याने दांडा ओढला नाही तर? — पुन्हा म्हणालास. आणि हात? हात कुठे होते तुझे? मांडीवर. मांडीवर! अरे, हे तुला कुणी शिकवलं, ठाऊक आहे? मी. मीच तर तुला ट्रेनिंग स्कूलला धाडलं होतं, नवशिक्यांना शिकवायला, दोन वर्षं. तुझा चेहरा एवढासा झाला होता तेव्हा. पण तिथे काय करावं लागतं — पोरगं विमान वाकडं घेऊन जमिनीकडे निघालंय, आणि हात मांडीवर ठेवून म्हणायचं, ‘नाक जरा वर घे, बाळ.’ तेच कामाला आलं तुला. तुझ्या प्रगतीसाठी पाठवलं होतं मी. तसं शेऱ्यात लिहिलंय. त्या वर्षी नेमबाजीत तू माझ्या पुढे गेला होतास, ते वेगळं. त्याचा याच्याशी संबंध नाही. — नाही म्हटलं ना! अख्ख्या स्क्वाड्रनने तुला खांद्यावर घेतलं, मीसुद्धा घेतलं, डावा पाय माझ्या खांद्यावर होता तुझा. तुला वजन नव्हतंच फार. पण टोचत होतं.

मला तुझा हेवा वाटतो, झालं? म्हणवून घेतलंस. गोट्याचा वाटतो, पण त्याचा वाटणं सोपं आहे, तो आपटतो, त्याला नशीब म्हणता येतं. तुला काय म्हणू? तू इथेही माझ्यापेक्षा चांगला, तिकडेही. कोर्स तुलाच, खिडकीतलं शहरही तुलाच. आणि घरी जाऊन बायकोशी बसून ठरवतोस म्हणे. मी सकाळपासून विचार करतोय — त्यांची तुकडी एक तारखेला सुरू होते, माझी सही होऊन कागद आज संध्याकाळच्या टपालाने गेला तर तू तिच्यात, नाहीतर पुढची तुकडी वर्षाने, तीही निघाली तर. कागद काय, राहतात कधीकधी. फाइलखाली जातात. ड्रॉवरमध्ये पंधरा दिवस पडले तर कोण विचारतंय, प्रमुखाला शंभर कामं — असा बघू नकोस. मी तसं करणार असं म्हटलं का मी? रिकामा आहे ड्रॉवर. हा बघ, मोकळा केलाय. सकाळीच केला. म्हणजे — पसारा झाला होता.

सही करतोय. बघ, करतोय. ‘शिफारस’ याच्यापुढे काय लिहू? ‘रोखून ठेवण्यासारखा अधिकारी, रोखू नये.’ व्याकरणात बसतं का माहीत नाही, मुख्यालयात वाचतं कोण. झाली सही. आता हा माझा मग ठेवतो वर, पंख्याने उडेल नाहीतर. टपालवाला चारला येतो, मी देईन त्याच्या —

नको. मी नाही देत. तूच ने. मगाखालून ओढ आणि स्वतः नेऊन दे. अरे ओढ की! माझ्या तोंडाकडे काय बघतोस, मी हात मांडीवर ठेवलेत. हे बघ, दोन्ही. फार वेळ राहायचे नाहीत ते तिथे, सवय नाही त्यांना. घेतलास? घडी नको घालूस अशी, मधोमध — घाल. घाल कशीही.

आणि जाताना खिळ्यावरचा तुझा मग ने. प्रथा काय, मी बघतो. चहा तसाच ठेवलास ना? गोड लागला असेल. बोलायचं होतंस रे पहिल्याच दिवशी.

जा आता. दार मी — नाही, लाव. तूच लाव.