आपलं ॲव्हरेज पडतंय

पालथेच राहा, कॅप्टन, गुडघ्याला मशीन चालू आहे — दहा मिनिटं हलायचं नाही. रविवारचं विचारताय ना, तेच सांगतेय. ग्रुप दोनशे किलोमीटर जाणार, सगळ्यांनी नव्या जर्सी छापून घेतल्या, तुम्ही वर्षभर त्यासाठी घाम गाळलात, आणि मी मेलीनं सात आठवडे एकच धोशा लावलाय — सायकलला पाय लावायचा नाही. किती चिडलात परवा! पण ऐकलंत हं. शहाण्यासारखं ऐकलंत.

मागच्या वर्षी याच दिवसांत — उन्हाळा सरत आलेला, वारा पडलेला, सकाळी सहालाच अंग नुसतं चिकचिक — तुमच्यात एक घड्याळजी यायचा, आठवतो? बुटका, चष्मेवाला, जुन्या निळ्या सायकलवरचा. तिसराच रविवार त्याचा. हां, तोच, ज्याला तुम्ही 'स्लो घड्याळ' म्हणायचात. घरी येऊन मला हसत सांगायचा, 'अगं, कॅप्टनने माझं नाव ठेवलंय,' जसं काही बक्षीसच मिळालं — असे वळू नका, वायर निघेल. दारावरच्या पाटीवर माझं माहेरचं नाव आहे, तुम्हाला कसं कळणार? आणि हॉस्पिटलात तुम्ही फिरकलाच नाहीत, मग तोंड तरी कुठून ओळखणार?

त्या रविवारी चढावर तो काहीबाही बरळायला लागला, सायकल या कडेची त्या कडेला. तुमच्यातल्या त्या बँकवाल्या बाई ओरडल्या, कॅप्टन, थांबा, यांचं काहीतरी बिनसलंय — त्यांनीच सांगितलं मला सगळं, रडत रडत — आणि तुम्ही काय म्हणालात? 'येईल हळूहळू, आपलं ॲव्हरेज पडतंय.' वेगाचं ॲव्हरेज! मागे वळून बघितलंत, आणि मग म्हणालात. न बघता म्हणाला असतात तर — नाही, तरी सोडलं नसतं मी. वर जाऊन चहा प्यायलात, फोटो काढलात, अठरा जण ओळीत, दात काढून. आणि खाली तो पाऊण तास रस्त्याकडेला भट्टीसारखा तापत पडलेला, दुधाच्या गाडीवाल्याने उचलला. मी आयसीयूबाहेर त्याचा फोन हातात धरून बसलेय, आणि त्यावर ग्रुपचा मेसेज येतो, तुमचा — 'नवीन लोकांनी तयारी करूनच यावं, बाकीच्यांची राइड खराब होते.' खाली अंगठे. एकामागून एक अंगठे.

वाचला हो, वाचला. उष्माघातानं मेंदूतला तोल सांभाळणारा भाग तेवढा भाजून निघाला. भिंत धरून चालतो, जीभ जड झालीय, चिमटा उचलला की हात असा थरथरतो की केसाएवढे स्क्रू सगळे फरशीवर — मग खाली बसून शोधतो, आणि मी बघून न बघितल्यासारखं करते. दुकानाला कुलूप.

तुम्ही लंगडत या खोलीत आलात ना, मला — काय सांगू — गोड वाटलं. कामात खोट नाही केली हं. गुडघा बरा केला. कधी? चौथ्या आठवड्यात. हो, तीन आठवडे झाले बरा होऊन. मी म्हणायची 'आत सूज आहे', आणि तुम्ही मान डोलवायचात. तुम्हीच सांगितलंत, बाल्कनीत उभा होतो, सगळे खालून गेले, एकानेही वर पाहिलं नाही. त्या दिवशी मी पोटभर जेवले, कॅप्टन. कित्येक महिन्यांनी. आता जा की रविवारी! गुडघा ठणठणीत आहे, पण मांड्या बघा, हातात धरल्या की कळतं — दम गेलाय त्यातला. पहिल्या चढावरच मागे पडाल. मग बघा कोण थांबतं.

करा ना तक्रार. फिजिओथेरपीचं रजिस्ट्रेशन जाईल, जाऊ दे, बसेन घरी त्याच्याजवळ. तो तर नकोच म्हणत होता त्या दिवशी — काही नाही. काही नाही म्हटलं ना. पोट बिघडलं होतं त्याचं आदल्या दिवसापासून, म्हणाला, आज राहू दे, अंगात त्राण नाही. आणि मी — तिसऱ्याच रविवारी कंटाळलास, म्हटलं, तुझं सगळं असंच, अर्धवट. बाटली भरून हातात कोंबली मी. पाठीला हात लावून दाराबाहेर —

बघताय काय असे? उठा. बूट घाला. निघा म्हणते ना!