वामनच्या काठीची तार कोणी सोडली?

या महिन्याच्या एकोणीस तारखेला, मंगळवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, माझ्या घराच्या मागच्या खिडकीबाहेर, एका गृहस्थाने एक नट फिरवून काढला. तो गृहस्थ तीन जणांपैकी एक आहे. ते तिघेही आत्ता या व्यासपीठावर, माझ्या डाव्या हाताला, माझ्या भावाच्या, वामनच्या फोटोशेजारी बसले आहेत.

अध्यक्ष महाराज, वाचनालयाचे सभासद, स्टेशनवरून आलेली मंडळी, आणि दाराशी उभ्या असलेल्या माझ्या जुन्या विद्यार्थिनींनो. आत या ग. जागा आहे. पुरुषांनी पाय जरा आवरले की जागा होते.

अशा वेळी बोलणं फार जड जातं, असं म्हणायची रीत आहे. माझ्या आधी चौघांनी तसं म्हटलं आणि चौघेही मनसोक्त बोलले. मला बोलणं जड जात नाही. नागपूरच्या कॉन्व्हेंटात सिस्टर लोकांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. ताठ उभं राहायचं आणि वाक्य पूर्ण करायचं. पुढे आयुष्यभर मी इथल्या मुलींना तेच शिकवलं. तेव्हा मी आज वाक्य पूर्ण करणार आहे. जड जाईल ते तुम्हाला, ऐकायला.

आत्ता सचिव नथ्थूजींनी शोकप्रस्ताव वाचला. छान वाचला. आवाजही मध्येच दाटला. त्यात एक वाक्य आहे. 'यंत्राच्या नादात झालेल्या निष्काळजीपणामुळे वामनरावांचा करुण अंत झाला.' नथ्थूजी, कागद घडी करू नका. तसाच समोर ठेवा. मला त्यातला एकच शब्द हवा आहे. निष्काळजीपणा.

वामन निष्काळजी?

तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरची जन्माची नि मरणाची बातमी त्याच्या हातातून गेली. गोंदियाच्या स्टेशनावर तो तारबाबू होता. सगळी नोकरी त्याने टकटक ऐकण्यात घालवली आणि एका अक्षराची चूक केली नाही. तो जेवताना भाताची शितं ताटाबाहेर सांडू द्यायचा नाही. चप्पल काढली की दोन्ही चपलांची टोकं भिंतीला लागलेली असायची. मला त्याचा संताप यायचा. असा माणूस घरात असला की दुसऱ्याला सतत गबाळं वाटतं.

आता त्याच्या यंत्राविषयी. आधीच्या चारही वक्त्यांनी त्याला 'रेडिओ' म्हटलं. तो रेडिओ नव्हता. रेडिओवर तुम्ही गाणी ऐकता. वामन त्यातून बोलायचा. बोटाने बटण टकटकवून, सरकारी परवाना घेऊन, आपल्यासारख्याच हौशी लोकांशी. त्यासाठी त्याच्याकडे एक लहान यंत्र होतं. त्याची हाक नागपूरला जायची, नशीब असलं तर कलकत्त्याला. आणि एक मोठं होतं, धान्याच्या कोठीएवढं, लोखंडी. लहान यंत्राची हाक ते घ्यायचं आणि दसपट जोराने पुढे ढकलायचं. त्याला तो ॲम्प्लिफायर म्हणायचा. आत दोन काचेचे व्हॉल्व्ह, दुधाच्या बाटलीएवढे. ते पेटले की खोली तापायची. मी त्याला वामनची चूल म्हणायची.

लढाई सुरू झाली तेव्हा पोलीस आले आणि ही चूल गाडीवर घालून ठाण्यात घेऊन गेले. सात वर्षं ती तिथे लाखेचा शिक्का लावून पडून होती. परत आली तेव्हा आत उंदरांची बाळंतपणं झाली होती. वामनने एकेक तार पुसली, एकेक जोड पुन्हा लावला. पाच महिने. शेवटी एका दुपारी तो स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, "अक्का, सिलोनच्या माणसाने उत्तर दिलं. म्हणाला, सात वर्षं कुठे होतास?"

मी काय म्हणाले माहीत आहे? मी म्हणाले, "तुझं ऐकणारे सगळे समुद्रापलीकडे बसलेत. घरातलं मीठ संपलंय, ते मी कोणाला कळवू?"

तो गेला आणि मीठ घेऊन आला.

हसलात? हसा. मीही हसले होते.

या चुलीत एक दगा आहे. बटण बंद केलं, तरी वीज सगळी जात नाही. आत कंडेन्सर नावाचा डबा असतो. त्यात ती साठून राहते, माणूस मारायला पुरेल इतकी. बहुतेकदा ती हळूहळू आपोआप उतरते. कधी उतरत नाही. बाहेरून काही कळत नाही. म्हणून वामनचा एक नेम होता. बटण बंद करायचं. तीसपर्यंत मोजायचं. डावा हात पाठीमागे ठेवायचा. मग खिळ्यावरची काठी घ्यायची. वाळक्या बांबूची लांब काठी, तिच्या टोकाला पितळी आकडा, आकड्याला तांब्याची तार. तार खिडकीतून बाहेर जायची आणि बाहेर जमिनीत ठोकलेल्या लोखंडी सळईला नटाने घट्ट केलेली असायची. काठीचा आकडा डब्याला लावायचा. वीज उरली असेल तर फट्ट आवाज व्हायचा आणि ती जमिनीत जायची. आवाज झाला नाही, तर डबा आधीच रिकामा. मगच आत हात.

इतकंच. हा नेम त्याने एकदाही मोडला नाही. एकोणीस तारखेलासुद्धा मोडला नाही. हे लक्षात ठेवा.

त्या दिवशी हे तिघे आमच्याकडे आले. तिघेही तुमच्या ओळखीचे. आपले नवे अध्यक्ष, राइस मिलवाले रावसाहेब. त्यांच्या मागे सचिव नथ्थूजी. त्यांच्या मागे वकीलसाहेब. वाचनालयाच्या वार्षिक सभेला वामनच्या यंत्राने काही शोभा येईल का, हे पाहायला आले होते. वामनने तिघांना खुर्च्या दिल्या, चूल पेटवली, सगळं समजावलं. रावसाहेब म्हणाले, "वामनराव, इसमें से मेरा भाषण बाजार तक जाईल का?"

वामन म्हणाला, "बाजारापर्यंत नाही जाणार, रावसाहेब. सिलोनपर्यंत जाईल."

"मग काय कामाचं?"

वकीलसाहेब मोठ्याने हसले. नथ्थूजी त्यांच्याहून मोठ्याने हसले. वामनने चूल बंद केली.

तिघे मागच्या अंगणात गेले, पान थुंकायला. तिथे पेरूच्या झाडावर वानरं असतात. एका वानराने रावसाहेबांची टोपी उचलली, दोन फांद्या वर चढलं, हुंगून पाहिली आणि फांदीला अडकवून निघून गेलं. वानराला ती आवडली नाही.

नथ्थूजी खिडकीशी आले. वामन तेव्हा पुढच्या खोलीत यांच्यासाठी सुपारी कातरत होता. खोलीत मी होते. नथ्थूजी म्हणाले, "मोठ्या बाई, थो बांबू देऊन द्या ना जी. रावसाहेबाची टोपी अटकून राहिली. दोन मिनिटात वापस करतो."

कोणी दिला तो बांबू?

मी दिला.

अहो, मान खाली घालू नका. माझ्याकडे बघा. वामन सांगत आला होता की या काठीला कोणी हात लावायचा नाही. ऐकून ऐकून मला वीट आला होता. या लोकांचाही वीट आला होता. टोपी निघेल, लोक जातील, म्हणून मी काठी खिळ्यावरून काढली आणि खिडकीतून बाहेर दिली. माझ्या डोळ्यांसमोर घड्याळ होतं. चार वाजून दहा मिनिटं. घड्याळ बघितलं, कारण हे कधी जातात याचा हिशोब करत होते.

काठीची तार झाडापर्यंत पुरेना. एक जण वाकला. सळईवरचा नट त्याने काढला, तार सोडली, टोपी उतरवली. कौतिका, जी आमच्याकडे भांडी घासते, ती विहिरीवर होती. तिने पाहिलं. तिला मी विचारलं, कोण वाकला होता? ती म्हणाली, "मोठ्या बाई, पाठ दिसली ना जी. तिघंबी पांढरे धोतरवाले, तिघंबी काळे कोटवाले. वाकल्यावर मानूस कसा वळखू?"

कौतिका शिकलेली नाही, पण न पाहिलेलं सांगत नाही. या व्यासपीठावर एवढं जरी असतं, तरी मला उभं राहावं लागलं नसतं.

काठी खिडकीतून परत आली. मी ती खिळ्याला लावली. तार खिडकीतून बाहेर लोंबत होती, रोजच्यासारखी. आतून पाहणाऱ्याला वाटावं, सगळं जागच्या जागी आहे. हे तिघे सुपारी खाऊन गेले. काठी दिली होती, हे मी वामनला सांगितलं नाही. त्याने तोंड पाडलं असतं, आणि त्याचं पडलेलं तोंड बघायची मला त्या दिवशी इच्छा नव्हती.

पाच वाजता त्याने चूल पुन्हा पेटवली. एका व्हॉल्व्हमध्ये निळी झाक दिसली. म्हणाला, "अक्का, हा बदलावा लागेल." मी दारात चहा घेऊन उभी होते. त्याने बटण बंद केलं. तीस मोजले. मी ऐकले. डावा हात पाठीमागे घेतला. काठी घेतली. आकडा डब्याला लावला.

आवाज झाला नाही.

वामन म्हणाला, "आज गप्प आहे. रिकामा." आणि त्याने आत हात घातला.

पुढचं मी सांगणार नाही. चहा सांडला, एवढं सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या अंगणात गेले. तार गवतात पडली होती. सळई उघडी होती. आणि नट? नट खिडकीच्या कठड्यावर ठेवला होता. फेकला नव्हता. हरवू नये म्हणून नीट ठेवला होता. पुन्हा लावायचा आहे, हे त्या गृहस्थाला माहीत होतं. टोपी मिळाली आणि नटाचं महत्त्व संपलं. तो नट हा पाहा. गेले सहा दिवस माझ्या पदराला बांधलेला आहे.

मी तिघांकडेही गेले. रावसाहेब म्हणाले, "होनी को कौन टाले, बहनजी." वकीलसाहेब म्हणाले, पुरावा काय? आणि नथ्थूजी रडले. मला म्हणाले, "मले काऊन विचारता जी, मी तं टोपी धरून उभा होतो." टोपी तेव्हा झाडावर होती, नथ्थूजी. वानराने ठेवली तिथे.

काल रात्रभर बसून तुम्ही प्रस्ताव लिहिलात आणि त्यात तो शब्द घातलात. त्या शब्दाने तुम्ही तिघेही एकदम सुटता. मीही सुटते. मरणारा एकटा अडकतो. तो काही उत्तर द्यायला येत नाही. फार सोयीचं आहे हो. मला खरंच मोह झाला. सगळ्या गावाने म्हटलं, वामन वेडा होता, यंत्रापायी गेला, तर मोठ्या बाईंनी काठी दिली होती, हे कोण विचारणार? मला कोणीच विचारलं नसतं.

पण त्याने तीस मोजले होते. मी ऐकले होते.

वामन, तू नेम मोडला नाहीस. मी मोडला. आणि या तिघांतल्या एकाने मोडला. हे मी लिहून आणलं आहे. एका कागदावर, माझ्या सहीनिशी. काठी मी दिली, ती देऊ नये हे मला माहीत होतं, आणि दिल्याचं मी भावाला सांगितलं नाही. हा कागद मी प्रस्तावाच्या वर ठेवते. खाली जागा सोडली आहे. एकाच सहीपुरती.

अध्यक्ष महाराज उठू लागले आहेत. बसा, रावसाहेब. मला ठाऊक आहे आता काय करायचं असतं. सगळ्यांनी उभं राहायचं, मान खाली घालायची आणि दोन मिनिटं शांत राहायचं. मग खाली चहा.

नाही. त्या दिवशी पाच वाजून गेल्यावरसुद्धा शांतताच होती. तार जमिनीला जोडलेलीच नव्हती, म्हणून आकडा डब्याला लागला आणि काही वाजलं नाही. वामनला वाटलं, धोका नाही. ती शांतता तुमच्या हातची होती. तशी शांतता मी माझ्या भावासाठी पुन्हा होऊ देणार नाही. फोटोला हात जोडायचे असतील त्यांनी जोडावेत. वामन, तुला तुझ्या अक्काचा नमस्कार. वाकून करते. आयुष्यात पहिल्यांदा.

आता तुम्ही तिघे. आज सोमवार. रविवारी वामनची तेरवी आहे. त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, तीस तारखेला, सकाळी अकरा वाजेपर्यंत मला लेखी उत्तर हवं. नट कोणी काढला, नाव आणि सही. आणि प्रस्तावातून 'निष्काळजीपणा' हा शब्द काढल्याची प्रत, तुमच्या शिक्क्यासह. निरोप नको, तोंडी नको, वकिलामार्फत नको. अकरा वाजून एक मिनिटाने आलेला कागद मी उघडणार नाही. तेरवीच्या पंगतीत तीन पाट रिकामे ठेवीन, आणि ते कोणाचे व का रिकामे आहेत, हे प्रत्येक पाहुण्याला मी स्वतः वाढता वाढता सांगेन.

शनिवारी. अकरा वाजता. लेखी.