भास्करचा उजवा डोळा

मी जाफराबादच्या बाजूचा. बाप लोहार, आजा लोहार, मी बी भात्यापाशीच वाढलो. काय सांगू तुम्हाला, डोळ्यात कचरा गेलेलं माणूस आमच्याच दारात यायचं, मी फुटक्या स्पीकरचं लोहचुंबक डोळ्यापाशी फिरवून कण काढायचो, न्हाई निघाला तर बारीक चिमटा, आणि बाया म्हणायच्या सोपानरावाचा हात हलका. मलाही ते बराबर वाटायचं.

त्या दिवशी वखराची पास, म्हंजे खालचं लोखंडी पातं, तोडून राह्यलो होतो. छन्नी मी धरलेली, घन धाकट्या भावाच्या, भास्करच्या हातात. छन्नीचं डोकं घाव खाऊन खाऊन पसरलं होतं, ते घासायला पाहिजे होतं, उद्या घासू म्हणलो. घाव बसला अन् त्याचीच कपची उडून भास्करच्या बुबुळात रुतली, टोक बाहेर. वरडला बी न्हाई तो. भाऊ, काही गेलं काय रे, एवढंच. माय म्हणली, हात लावू नको, जालन्याला न्या. मी म्हणलो, माय, तू भाकरी कर. आणि चिमट्यानं कपची ओढली. मागून पाणी आलं, अंड्याच्या पांढऱ्यासारखं. मी फडकं करकचून बांधलं, मंग एसटीनं जालना.

डॉक्टरनं विचारलं, कुणी ओढलं? आपोआप पडलं, मी म्हणलो. ते म्हणले, होतं तसंच ठेवून वरून चहाचा कप उपडा बांधून आणलं असतं, दाबलं नसतं, तर काही करता आलं असतं. फोटोत कपचीचा तुकडा आतच दिसला. डोळा काढावा लागला.

गावात सांगितलं, डॉक्टरनं डोळा काढला. खोटं कुठं होतं? पण लोक जालन्याला जायला भ्यायले. शेजारच्या गजराबाईच्या डोळ्यात तार घुसल्ती, तिनं घरीच बांधून ठेवला. तो बी गेला. चुंबक मी नाल्यात टाकलं, कारण न्हाई सांगितलं.

परवा पारावर भास्करला सांगितलं, कपची मीच ओढली होती. तो तंबाखू मळून राह्यला होता. म्हणला, भाऊ, दुसरा डोळा उघडाच होता की, चिमटा दिसला मला. मंग बोलला का न्हाई रे? तर म्हणला, तू बोलशील म्हणून. अर्धी तंबाखू माझ्या हातावर ठेवली.

डॉक्टरनं न्हाई, मी. तुमच्या कागदावर हे बराबर लिहा. देव तुमचे डोळे शाबूत ठेवो. गजराबाईकडं जायचं राह्यलंय अजून.