पोटातली उजळणी

डॉक्टर : बाई, एमआरआयच्या यंत्रात असताना तुम्ही बोलत होतात का? पोटातल्या बाळाच्या मेंदूचे सगळे फोटो हललेत.

बाई : बोलत नव्हते हो. सतराचा पाढा म्हणत होते. मनातल्या मनातच, फक्त जरा मोठ्यानं.

नवरा : ही गणिताच्या शिकवण्या घेते, डॉक्टर. घरीही पोटावर हात ठेवून पाढे चालू असतात. माझेसुद्धा पाठ झाले.

बाई : मला वाटलं, मेंदूची परीक्षा आहे, तर बाळाची जरा उजळणी करून घ्यावी. अक्कल बघा माझी!

नवरा : पण डॉक्टर, बाळाचा दोष हृदयात आहे ना? मग मेंदूचे फोटो कशाला?

डॉक्टर : हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालीय. त्यामुळे मेंदूकडे जाणाऱ्या रक्तात प्राणवायू कमी. अशा बाळांचा मेंदू पोटातच थोडा सावकाश वाढू शकतो.

बाई : घ्या! आणि मी दारावर शिकवणीची पाटी लावून बसलेय, 'फक्त हुशार मुलांसाठी'.

नवरा : मीच रंगवलीय. चांगली ठळक अक्षरांत.

(दुसऱ्यांदा तपासणी झाल्यावर, त्याच खोलीत.)

डॉक्टर : या वेळी छान स्थिर राहिलात.

बाई : जन्मात पहिल्यांदा तोंड मिटून पडले.

नवरा : मी लग्नापासून वाट बघत होतो.

बाई : तुम्ही गप्प बसा हो. डॉक्टर, सांगा, किती मार्क?

डॉक्टर : इजा कुठे दिसत नाही. पण मेंदूवरच्या घड्या या महिन्याच्या मानानं थोड्या कमी आहेत, म्हणजे वाढ जरा मागे आहे.

बाई : माझ्यामुळे? गोळ्या घ्यायला विसरायचे मी मधेमधे. आणि वर्गात ओरडते किती!

डॉक्टर : तुमच्या कशामुळेही नाही. जन्मल्यावर ऑपरेशन करून रक्तवाहिन्या जागेवर आणू. पुढे काही मुलांना बोलायला, शिकायला वेळ लागतो, काहींना नाही लागत. तुमच्या बाळाचं काय होईल, ते आज मलाही सांगता येणार नाही.

नवरा : अगं, बोल ना काहीतरी. तू गप्प बसलीस की मला धडकी भरते.

बाई : मलाही भरलीय. थट्टासुद्धा सुचेना.

डॉक्टर : काही विचारायचंय?

बाई : सावकाश शिकणाऱ्या मुलाला कसं शिकवतात हो? मला येत नाही ते.