यादीत ह्यांचं नावच नव्हतं

माझं माहेर कऱ्हाडकडचं. वडील गावच्या शाळेत शिपाई होते, मतदान असलं की बूथ त्याच शाळेत, आणि बाकं हलवायला आम्ही तिघी बहिणी. तिथं कसं होतं, काय सांगू तुम्हाला, कोण कुणाला मत देणार हे आदल्या दिवशीच अख्ख्या आळीला ठाऊक. थोरले चुलते सांगायचे यंदा अमक्याला, की झालं, सगळ्यांचं तेच, त्यात लपवायचं काय. मत गुपचूप द्यायचं असतं हे मला इथं येऊन कळलं, आणि कळलं म्हणजे तरी काय, अजून नीट कळलेलं नाहीच.

लग्न झालं, ह्यांची कॉम्प्युटरची नोकरी, पुण्यातून इथं मिनेसोटात दोन वर्षांसाठी म्हणून आलो त्याला चोवीस वर्षं झाली. मुलगी इथंच वाढली, कॉलेजला गेली, आणि मला घर खायला उठलं. तेव्हा घराजवळच्या छोट्या शाळेत, लहान पोरांच्या, किचनमध्ये लागले. डोक्याला जाळी, हातात मोजे, पोरं येतात, मशीनवर आपापला जेवणाचा नंबर दाबतात, मी ट्रे देते. कुणाला शेंगदाणा चालत नाही, कोण गाजरं तशीच टाकून देतं, कोण रडून आलंय आणि त्याला आज एक बिस्किट जास्त द्यायचंय, सगळं मला पाठ. अकरा वर्षं झाली बघा या किचनला.

तर गेल्या निवडणुकीत काय झालं, बॅलटवर, म्हणजे मतपत्रिकेवर, पुढं ती सगळी मोठी मोठी नावं, आणि उलटलं की मागं एक प्रश्न, आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टचा, म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्यांचा. शाळांसाठी घरपट्टी थोडी वाढवू देता का, हो की नाही. नाहीची मतं जास्त आली तर आमची छोटी शाळा बंद, पोरं तळ्यापलीकडच्या मोठ्या शाळेत, आणि आमचं किचन गेलं. कामावर असताना यातला चकार शब्द बोलायचा नाही अशी तंबी होती, ती मी पाळली. पण दिवाळी तोंडावर आलेली. इथल्या आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात चकलीचा डबा घेऊन मी प्रत्येक टेबलापाशी गेले, म्हटलं बाबांनो, बॅलट उलटा आणि हो म्हणा. सगळे म्हणाले, हो काकू, नक्की काकू, ये भी कोई पूछने की बात है यार. मी घरी येऊन वहीत नावं लिहिली, दोन पानं भरली. ह्यांचं नाव लिहिलं नाही, घरच्या माणसाचं काय लिहायचं.

मतदानाच्या दिवशी आम्ही दोघं बरोबरच गेलो, एका गाडीत. ते त्या खणात, मी या खणात, मधे पुठ्ठ्याची आडभिंत. मी बॅलट उलटलं, हो पुढचा गोळा काळा केला, परत एकदा बघितलं. बाहेर आलो, दोघांच्या कोटाला मत दिल्याचा तो लाल स्टिकर. हे म्हणाले चल, कॉफी घेऊ. मी म्हटलं आज मी पाजते.

सकाळी निकाल. पडला प्रश्न, थोडक्या मतांनी पडला. मला काही सुधरेना. ज्या उमेदवारांच्या पाट्यांवर शाळेची पोरं हसत होती ते निवडून आले, त्याच लोकांनी त्याच कागदाच्या मागं शाळेला नाही म्हटलं, मग ते पुढं काय बघून हो म्हणाले? आणि आमची दोन पानं कुठं गेली? मुलीला फोन लावला शिकागोला, एकेक नाव वाचायला लागले. चार नावं ऐकली तिनं आणि म्हणाली, Aai, stop, they can't even vote. म्हटलं म्हणजे? म्हणाली, हे व्हिसावर आहेत, ते ग्रीन कार्डवर आहेत, सिटिझन कोण आहे यात? अगं पण पोरं तर त्यांचीच आहेत ना शाळेत, मी म्हटलं, आणि हो कशाला म्हणाले मग मला? ती म्हणाली, because you were holding chakli, Aai. हसली ती. मला नाही हसू आलं. दोन पानांतली पाच नावं उरली, आणि त्यांनी तरी काय केलं कोण जाणे.

आता शेजारचा म्हातारा, एकटा, पोरबाळ नाही, कुणाशी धड बोलत नाही, त्याला मी मनात नाहीमध्येच धरला होता. तो त्या सकाळी पानं गोळा करता करता थांबला, म्हणाला, सॉरी हं तुमच्या शाळेचं, मी हो दिलं होतं. मी थँक्यू म्हणायचंसुद्धा विसरले, घरात आले आणि ह्यांना म्हटलं, ऐकलंत का, त्या म्हाताऱ्यानं हो दिलं, मग नाही दिलं कुणी, मला एक तरी माणूस दाखवा.

हे पोह्यांवर लिंबू पिळत होते. म्हणाले, मी दिलं.

काय सांगू तुम्हाला, मला वाटलं चेष्टा करतात. म्हटलं का? तर म्हणाले, तूच रोज येऊन गुडघे धरून बसतेस, म्हणतेस पुरे झालं बाई आता. मला वाटलं शाळाच बंद झाली तर तू थांबशील, तुला थांब म्हटलेलं चालत नाही. आणि घरपट्टी पण आहेच की, मी आता रिटायर होणार. दोन्ही कारणं ह्यांनी एका दमात सांगितली, आणि पोहे खाल्ले. मला राग आला, रडू आलं, दोन्ही एकदमच आलं. अहो, पुरे झालं हे बोलायचं असतं, बाई माणूस थकलं की बोलतं, ते बॅलटवर नेऊन ठेवायचं असतं होय? पण गुडघे दुखतात हेही खरं, आणि ते ह्यांच्या लक्षात राहिलं हेही खरं. माझ्यासाठी केलं की घरपट्टीसाठी केलं, किती डोकं लावलं, उत्तर येत नाही. तीस वर्षांचा संसार, आडभिंत एवढीशी पुठ्ठ्याची, आणि पलीकडचा माणूस मला कळला नाही.

आता जूनपर्यंत आहे शाळा. सामानावर चिठ्ठ्या लागल्यात, कुठला ओव्हन कुठं जाणार ते. पोरं विचारतात, तिकडं पण तूच देणार का जेवण? मी म्हणते बघू. जिथं जातील तिथं पोटभर खावोत बिचारी, एवढंच मागते. ह्यांच्यावर रुसून झालं, बोलून झालं, आता चाललंय नेहमीसारखं. प्रश्न पुन्हा टाकणार आहेत म्हणे बॅलटवर, तर हे म्हणाले, तू सांगशील तसं देतो. मी म्हटलं नको, तुम्ही तुमचं द्या.

तळ्यापलीकडच्या किचनसाठी मी फॉर्म भरलाय गेल्या आठवड्यात. ह्यांना सांगितलेलं नाही. तुम्ही हे लिहून घेताय ना, ते छापून आलं की वाचतील, तेव्हा कळेल.