मोर्शीची म्हणजे घरची

...आणि वर आईच मला विचारते, "तोंड काहून पाडून बसला रे?" आता काय सांगू हिला? तुम्हाला सांगतो, ज्या बाईचं मी नुकसान करून बसलो तीच माझी चौकशी करते!

झालं काय, माझ्या ऑफिसातून आईला तीन लाखांची आरोग्य पॉलिसी आहे. पण अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात तीन लाख किती दिवस पुरतात हो? म्हणून म्हटलं, टॉप-अप काढू. म्हणजे पहिले तीन लाख जुनी पॉलिसी भरणार, त्याच्यावरचं बिल नवी. आईला हे मी तीनदा समजावलं. वांगी चिरता चिरता तिनं ऐकलं अन् म्हणाली, "म्हंजे थोडी बिमार पडली त हे नवेवाले येत नाहीत? मंग बाप्पा, पडाचं त दाबून पडा लागन!"

मग कंपनीचा फोन आला. स्पीकरवर एक मुलगी, गोड आवाजात, "आई, शुगर, बीपी, काही त्रास?" आणि आमची आई, जिला बारा वर्षांपासून शुगर, ती काय म्हणते? "नाही वं माय, सगळं बरं हाय! तुमचं कसं?" अहो, परक्यानं तब्येत विचारली की 'बरं हाय' म्हणायचं, दुखणं घरात ठेवायचं, ही आमच्याकडची रीत! आईचं काय चुकलं? पण फोन माझ्या हातात होता ना! सांगायचं की, ताई, शुगर आहे. पण हप्ता वाढला असता... आणि मी? मी गप्प!

पॉलिसी आली. आत बारीक अक्षरांत, आजार लपवला तर पैसे नाहीत. म्हणजे उद्या आई खाटेवर, अन् कंपनी म्हणणार, बरं आहे म्हणाल्या होत्या की! रोज सकाळी ती मला साखरेचा चहा देते, स्वतः फिका पिते... मी कप तसाच खाली ठेवतो हो! "साखर कमी पडली काय रे?" आणि मी? मी गप्प!

शेवटी लावला फोन. मुलगी तीच. "सर, आईंनी स्वतः सांगायला हवं." आईला विनवलं, तर म्हणे, "लोकाईले काहून सांगू माह्यं दुखणं?" आणि फोनवर पुन्हा तेच, "बरं हाय वं माय!" मी हात जोडतोय, खुणा करतोय... तेवढ्यात मुलगी म्हणाली, "मावशी, तुमचं बोलणं ऐकून घर आठवलं. मी दामिनी, मूळची मोर्शीची."

संपलं! मोर्शी म्हणजे आईचं माहेर!

"मोर्शीची? कोणाची वं तू? अवं, मंग तू त घरचीच!" आणि जे धरण फुटलं! शुगर, गुडघे, अकोल्याला झालेलं पित्ताशयाचं ऑपरेशन, मुंग्या येणारी करंगळीसुद्धा! दामिनी बिचारी लिहून लिहून थकली. म्हणाली, "मावशी, हप्ता वाढेल, शुगरच्या आजाराचे पैसे मिळायला तीन वर्षं थांबावं लागेल." आई म्हणते, "थांबू ना. मले कुठं घाई हाय?"

मला असं हलकं वाटलं म्हणता! लाजही वाटली. खरं बाहेर आलं ते मोर्शीमुळं, माझ्यामुळं नाही... तेवढ्यात दामिनी म्हणते, "दादा, तुमचीही पॉलिसी काढून टाकू का? काही त्रास? बीपी वगैरे?"

सकाळीच बीपीची गोळी घेतली होती हो मी! पण तोंडातून काय निघावं? "छे छे! एकदम बरं आहे!"

आणि आई? आई गप्प! फक्त जेवायला बसलो तेव्हा माझ्या ताटातलं खारट लोणचं उचललं अन् आत घेऊन गेली. अजून दिलेलं नाही.